बदामाच्या मागची बाई

दादाजी मेश्रामांना राग आला की ते शुद्ध मराठी बोलू लागत. एरवी त्यांचं बोलणं सक्करदऱ्यात वाढलेल्या कोणाही माणसासारखंच होतं, ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’, ‘करून राहिलो’. पण डोकं तापलं की ‘मले’चं ‘मला’ होई आणि ‘काहून’चं ‘कशासाठी’. सिंधूताईंनी अडतीस वर्षांच्या संसारात हे नीट ओळखलं होतं. नवऱ्याच्या तोंडून ‘मला’ निघालं की त्या आधी गॅस बंद करीत आणि मग काय झालं ते विचारीत.

त्या सोमवारी दादाजी घोडातलावावरून घरी आले, चपला काढल्या, त्या एकमेकींना समांतर लावून ठेवल्या आणि म्हणाले, "मला पाणी हवे आहे."

‘हवं’ नाही, ‘हवे’. एवढं शुद्ध तर ते व्याह्यांशीही बोलले नव्हते. सिंधूताईंनी गॅस बंद केला. वांगी अर्धी कच्ची राहिली.

"कॅमेरा कुठी हाये तुमचा?"

"माझा कॅमेरा समितीच्या कपाटात आहे. कपाटाची चावी अध्यक्षांच्या खिशात आहे. आणि अध्यक्षांची अक्कल कुठे आहे, याची मला कल्पना नाही."

झालं होतं ते असं.

दादाजींनी तेहेतीस वर्षं सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढले. "श्वास घ्या, रोखा, सोडा," हे त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं होतं, की लेकीच्या लग्नात फोटोवाला "रेडी" म्हणाला तेव्हा झाडून सगळ्या मेश्राम मंडळींनी श्वास रोखून धरला होता आणि अल्बममध्ये सगळेच गुदमरलेले आले होते. रिटायर झाल्यावर त्याच लेकीने, नंदिनीने, त्यांना एक कॅमेरा घेऊन दिला. तिला वाटलं, बाबा नातवाचे फोटो काढतील. बाबांनी नातवाचा एक फोटो काढला आणि त्याच्या बाहीवर बसलेल्या मुंगळ्याचे चौदा.

नागपुरात कॅमेरा असलेला माणूस जंगलात वाघ पाहायला जातो. दादाजी जात नसत. "वाघाचे फोटो सगळ्यायपाशी हायेत," ते म्हणत, "एका वाघापाशीच नाहीत." ते जात गर्दीत. रविवारी संध्याकाळी जिथे पाय ठेवायला जागा नसे, तिथे रबराची चटई पसरून ते खाली बसत. त्यामागे त्यांचा स्वतःचा एक सिद्धांत होता. गर्दीतले सगळे लोक एकाच गोष्टीकडे बघत असतात, त्यामुळे बाकीचं सगळं मोकळं असतं. पाणीपुरीच्या गाडीखाली, कचऱ्याच्या डब्याच्या मागे, तलावाच्या पायरीच्या फटीत जे काही चाललेलं असतं, त्याला भरगर्दीत जेवढा एकांत मिळतो तेवढा जंगलातसुद्धा मिळत नाही.

ऊन फार कडक असलं की ते एक्स-रेची जुनी फिल्म मधे धरत. ती फिल्म खापा गावच्या कुणा माणसाच्या छातीची होती. तो रिपोर्ट न्यायला कधी परत आलाच नाही. त्या बिचाऱ्याच्या बरगड्यांच्या सावलीत दादाजींनी गोगलगायी, शेवाळाची बोंडं, पाण्यावरचे निवळ्या किडे आणि एकदा चतुरांची एक जोडी टिपली होती.

घोडातलावावर गर्दीची सगळ्यात मोठी जागा म्हणजे बदाम. ‘घोडातलाव सौंदर्य व संस्कार समिती’ने काठावर माणसाएवढी पत्र्याची अक्षरं उभी केली होती. आधी ‘माझं’, मग ‘घोडातलाव’, आणि दोघांच्या मधे लाल रंगाचा भलामोठा बदाम. बदामासमोर फोटो काढायला रांग लागे. नवी जोडपी, जुनी जोडपी, वाढदिवसवाले, आमदाराचे कार्यकर्ते, सगळे तिथे येऊन दात दाखवून जात. बदाम मागून पोकळ होता. मागे कोणी जात नसे, कारण मागून बदाम लाल नव्हता, नुसता पत्रा होता.

तिथे एक कुंभारीण आली.

कुंभारीण म्हणजे ती काळी-पिवळी, सुईसारख्या कमरेची माशी. घराच्या भिंतीला मातीचं इवलंसं मडकं चिकटवते ती. विदर्भातल्या प्रत्येक आईने तिला झाडूने हाकललेलं आहे. हिने बदामाच्या पोटात, उजव्या गालाच्या आतल्या बाजूला, तीन मडकी घडवली. गोल, गळ्याला काठ असलेली, बोराएवढी. दादाजींनी तिला माती आणताना टिपली, मडक्याचा काठ वळताना टिपली, अंडं घालताना, अळी ओढत आणताना आणि शेवटी तोंड लिंपून घेताना टिपली. मग ती गेली. आत लेकरं वाढू लागली. तीन-चार आठवड्यांनी पोर आतून मडकं फोडून बाहेर येतं, हे दादाजींनी वाचलं होतं. तो एक फोटो त्यांना हवा होता. बदामाच्या पुढे दुनिया हसत होती आणि मागे हा माणूस दगडावर बसून रोज दोन तास एका बोराएवढ्या मडक्याकडे बघत होता. त्या सोमवारी विसावा दिवस होता.

दुपारी नंदिनीने तलावाच्या फाटकावर एक कागद लावला होता. नंदिनी शाळेत मराठी शिकवते, तिचं अक्षर मोत्यासारखं. पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या सभागृहात बाबांच्या फोटोंचं प्रदर्शन होतं. कागदावर तिने लिहिलं होतं : ‘गर्दीच्या ठिकाणची अंतरंग छायाचित्रे. छायाचित्रकार : दादाजी मेश्राम.’ ‘निसर्गाची’ हा शब्द तिने मुद्दाम गाळला होता. निसर्ग म्हटलं की लोकांना सूर्यास्त आठवतो आणि ते येत नाहीत.

समितीचे अध्यक्ष भैयाजी मराठी बोलत, पण वाचत हिंदीतून. सकाळी हिंदी पेपर, दुपारी हिंदी पेपरातलं उरलेलं. मराठी वाचकाला अंतरंग म्हणजे आतलं मन, आतला गाभा वगैरे. पण हिंदी पेपरात ‘अंतरंग तस्वीरें’ म्हटलं की त्याखाली कोण कोणाबरोबर कुठल्या हॉटेलात सापडलं, ते छापलेलं असतं. भैयाजींनी कागद एकदा वाचला, चष्मा पुसून दुसऱ्यांदा वाचला. मग चार सभासदांना फोन केला. चौघेही कामधंदे सोडून दहा मिनिटांत हजर झाले. तलावाची मोटार जळली होती तेव्हा याच चौघांना यायला अकरा दिवस लागले होते.

दादाजी सापडले ते नेमके बदामाच्या मागे, गुडघ्यावर वाकलेले, कॅमेरा डोळ्याला. पुढे एक जोडपं उभं होतं.

"दादाजी," भैयाजी म्हणाले, "काय करून राहिले तुमी?"

"श्वास रोखा," दादाजी म्हणाले. ते मडक्याशी बोलत होते, पण पाचही जणांनी रोखला.

समितीच्या खोलीत दार लावून तपासणी झाली. भैयाजींनी कॅमेरा हातात घेतला आणि पाच डोकी छोट्याशा पडद्यावर जमली. एकशे बारा फोटो होते. इतकी मन लावून दाद दादाजींच्या फोटोंना आजवर कोणी दिली नव्हती.

"हे काय आहे?"

"शेवाळ," दादाजी म्हणाले.

"और उसके नीचे?"

"खाली बी शेवाळच."

"पुढे घ्या, भैयाजी, पुढे घ्या," एक सभासद म्हणाला. "असली माल लास्टमधे असते."

एकसष्टाव्या फोटोवर सगळे थांबले. दोन सडपातळ शरीरं एकमेकांना गोल वळसा घालून गवताच्या काडीवर बसली होती.

"हे दोघं कोण?"

"चतुर."

"हुशार आहेत, ते दिसून राहिलं. नाव विचारून राहिलो मी."

"तेच नाव हाये गा त्यायचं. चतुर. तुमच्यासारख्याच्या हाती लागत नाहीत, म्हणून पडलं असन."

एकशे बारावा फोटो संपला तेव्हा खोलीत शोककळा पसरली. पाचही जणांचे चेहरे लग्नात जेवण संपल्यावर पोचलेल्या पाहुण्यांसारखे झाले होते. फोटोत काही नाही, म्हणजे दादाजी निर्दोष, असा अर्थ दुसऱ्या कोणीही काढला असता. समितीने दुसरा काढला. फोटोत काही नाही, म्हणजे असली फोटो दुसरीकडे आहेत.

"कार्ड आणि कॅमेरा इथंच राहील," भैयाजी म्हणाले. "असली फोटो आणून द्या आणि घेऊन जा."

"असले फोटो नाहीत."

"मंग बोर्डावर काहून लिहिलं? गेटवर, पब्लिकच्या समोर, अंतरंग?"

"कारण ते अंतरंग आहेत," दादाजी म्हणाले. इथे त्यांचं ‘हायेत’ गेलं आणि ‘आहेत’ आलं. भैयाजींना ते कळलं नाही. कळायला सिंधूताई लागतात.

अटी ठरल्या. दादाजींना फाटकाच्या आत बंदी. येत्या रविवारी चार वाजता तलावावर समितीचं ‘संस्कार अभियान’. त्यात बदामाची मागची बाजू खरवडून, रंगवून, वर पत्रा ठोकून बंद करायची, म्हणजे मागे कोणाला बसायला जागाच राहणार नाही. आणि त्याआधी दादाजींचा माफीनामा माइकवरून वाचला जाईल. माफीनामा आला तर प्रकरण इथेच मिटेल. नाही आला तर भैयाजींच्या ओळखीचे एक हिंदी पत्रकार आहेत.

हे सगळं दादाजींनी घरी एका दमात सांगितलं, एकही ‘मले’ न येऊ देता.

"मंग लिहून द्या ना एक कागद," सिंधूताई म्हणाल्या. "नाहीतरी कोन वाचते?"

"मी सही करणार नाही. एकदा साहेब दुसऱ्याच्या हाडाच्या फिल्मवर तिसऱ्याचं नाव घालून सही कर म्हणाले होते, तेव्हा मी गडचिरोलीची बदली घेतली. सही केली नाही."

"मले माहीत हाये. मी बी गेलती ना गडचिरोलीले," सिंधूताई म्हणाल्या आणि गॅस पुन्हा लावला. वांगी वाट बघत होती.

नंदिनी संध्याकाळी रडवेली होऊन आली. "बाबा, मी शब्द बदलते. ‘निसर्गाची सुंदर छायाचित्रे’ लिहिते."

"एका अक्षरालाही हात लावायचा नाही," दादाजी म्हणाले. "शब्द बरोबर आहे. वाचणारा चुकला आहे."

मंगळवार, बुधवार ते फाटकाबाहेर प्रयागबाईच्या कणसाच्या गाडीशी उभे राहिले. तिथून बदामाचा पुढचा लाल भाग दिसे, मागचा दिसत नसे. आत शिरणाऱ्या बाया ओढणी सावरून त्यांच्याकडे बघत आणि पुढे जाऊन कुजबुजत. तेहेतीस वर्षांत त्याच बायांच्या आया-सासवांच्या छातीचे एक्स-रे दादाजींनी मान खाली घालून काढले होते. दादाजींच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली. प्रयागबाईने एक कणीस भाजून पुढे केलं.

"खा. डोकं थंड होते."

"मला नको आहे."

"अवं माय," प्रयागबाई म्हणाली, "याले तं लईच लागलं."

गुरुवारी दुपारी तलावाचा चौकीदार गोविंदा घरी आला. समितीचा चौकीदार, माळी, रंगारी, सगळं तोच. तो दारातच उभा राहिला, हातात पत्रा खरवडायची पट्टी होती.

"दादाजी, मले भैयाजीनं सांगतलं होतं, रविवारच्या आंधी मांगून एक हात मारून ठेव. मी मारला. मंग मले दिसलं."

"किती?"

"एक गेलं."

"आत काय होतं?"

गोविंदा पट्टीकडे बघत राहिला. "पांढरं. पंख यायले सुरू झाले होते. हललं थोडसं."

दादाजींनी त्याच्या हातातली पट्टी घेतली आणि धारेवरची माती बोटाने पुसली. सिंधूताई आतून आल्या, त्यांनी नवऱ्याचं तोंड बघितलं आणि गोविंदाला म्हणाल्या, "बस गा. पानी पी."

"तुले माहीत होतं," दादाजी शेवटी म्हणाले. "तीन आठवडे तू मले चहा आनून देत होता तिथं. सोमवारी त्यायच्यासमोर काहून नाही बोलला?"

"नोकरी हाये ना, दादाजी," गोविंदा म्हणाला. "बाकीच्या दोघायले मी हात नाही लावला. भैयाजीले सांगतलं, रंग संपला."

शनिवारी संध्याकाळी गोविंदा पुन्हा आला. या वेळी घाईत. "वरच्या मडक्यावर ओला डाग पडला. सकाळी नव्हता."

दादाजी ताडकन उठले. पोर आतून माती ओली करून पोखरायला लागलं होतं. आज रात्री नाही, उद्या. उन्हं वर आली की, दुपारपर्यंत, फार तर संध्याकाळ. आणि उद्या चार वाजता पत्रा.

ते बराच वेळ घरात फेऱ्या मारत राहिले. सिंधूताई कपडे घडी घालत होत्या.

"भैयाजीच्या हाती माइक आला तं किती वेळ सोडत नाही?" दादाजींनी एकाएकी विचारलं.

"पंधरा ऑगस्टले दीड तास बोलला. पोरं चक्कर येऊन पडले." सिंधूताईंनी घडी थांबवली. "काहून?"

"आनि कागद देला तं पुरा वाचते?"

"पुरा वाचते. तारीख, पिनकोड सगट."

दादाजींनी टेबलावरचा फुलस्केप कागद ओढला. "मी माफीनामा लिहिणार आहे," ते म्हणाले. "लांब."

रविवारी तलाव ओसंडून वाहत होता, पाण्याने नव्हे, माणसांनी. समितीने ‘संस्कार अभियान’ एवढंच छापलं होतं, पण ‘अंतरंग’ हा शब्द आठवडाभर फोनवरून फिरला होता, त्यामुळे संस्कार पाहायला सगळा पूर्व नागपूर इस्त्रीचे कपडे घालून आला होता. बदामासमोर मांडव. पत्रा, खिळे, रंगाचा नवा डबा घेऊन गोविंदा उभा. दादाजी, सिंधूताई आणि नंदिनी फाटकाबाहेर, प्रयागबाईच्या गाडीशी.

भैयाजींच्या हातात माफीनाम्याची चार पानं होती. त्यांनी आधी दोन गोष्टी पाहून घेतल्या होत्या. शेवटच्या पानावर सही होती. आणि पहिल्या पानावर ‘बाई’ हा शब्द होता. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं होतं.

त्यांनी माइकवर दोनदा टिचकी मारली.

"प्रति, मा. अध्यक्ष. विषय, अंतरंग छायाचित्रे काढल्याबद्दल माफीनामा. महोदय. मी, दादाजी सखाराम मेश्राम, वय चौसष्ट, पूर्ण शुद्धीत लिहून देतो की, मी सलग तीन आठवडे बदामाच्या मागे बसून एका बाईवर पाळत ठेवली."

भैयाजींनी पुढचं वाक्य अधिक सावकाश वाचलं. असा मजकूर आयुष्यात एकदाच हाती लागतो.

"सदर बाई अंगाने सडपातळ असून कंबर अतिशय बारीक आहे. पेहराव काळा-पिवळा. सदर बाई एकटी राहत असून तिचा नवरा मला एकदाही दिसला नाही."

मागची पोरं बाकांवर चढली.

"सदर बाईने कोणाचीही मदत न घेता, स्वतः माती वाहून आणून, बदामाच्या मागे तीन खोल्या बांधल्या. प्रत्येक खोलीत तिने एकेक लेकरू ठेवले, त्याला पुरेल एवढे अन्न ठेवले, दार लिंपून घेतले आणि ती निघून गेली."

"लेकरं कोंडून?" गर्दीतून एक बाई म्हणाली. भैयाजींचा आवाज किंचित अडखळला. पण ते थांबले नाहीत. कागद अर्ध्यात सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, हे आधी म्हटलंच आहे.

मधली दोन पानं दादाजींनी खोल्यांच्या बांधकामावर लिहिली होती. भिंतीची जाडी, मातीचा प्रकार, बाईने मारलेल्या खेपांची रोजची संख्या. भैयाजींनी सगळं वाचलं. ऊन बदामाच्या मागच्या बाजूला पोचलं होतं. गोविंदा हळूच मान वाकवून बघत होता. शेवटी चौथं पान आलं.

"या गुरुवारी समितीच्या आदेशावरून तीनपैकी एक खोली पाडण्यात आली. खोली पाडताना लेकरू आत होते. ते गेले."

भैयाजींनी पुढचं वाक्य आधी मनात वाचलं आणि तोंड मिटलं. पण माइक चालू होता आणि सगळा तलाव त्यांच्याकडे बघत होता.

"वाच ना गा," फाटकाबाहेरून प्रयागबाई ओरडली. "कोनाचं लेकरू गेलं?"

"उरलेली दोन लेकरे," भैयाजी बारीक आवाजात म्हणाले, "अद्याप आतच आहेत. त्यांच्यावर आज पत्रा ठोकण्यात येणार आहे. सदर बाईच्या घरात न विचारता वाकून पाहिले, तिची छायाचित्रे काढली, याबद्दल मी तिची माफी मागतो. समितीने तिची माफी मागावी किंवा कसे, हे समितीने ठरवावे. आपला विश्वासू."

पाच-सहा बाया सरळ उठल्या आणि बदामाच्या मागे गेल्या. त्यांच्या मागून सगळा मांडव. फाटकावर लक्ष ठेवायला नेमलेले सभासदही धावले, तेव्हा दादाजी शांतपणे आत शिरले. सिंधूताईंनी कणसाची गाडी एका हाताने धरून ठेवली आणि प्रयागबाईला पुढे धाडलं.

मागे पत्रा होता. पत्र्यावर एक खरवडलेला गोल डाग आणि दोन मडकी.

"बाई कुठी हाये?" कोणीतरी विचारलं.

प्रयागबाईने वाकून बघितलं. "हे तं कुंभारीण हाये, येड्याहो." मग तिने खरवडलेल्या डागावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं. "हेच काय ते गेलेलं?"

काहीजण हसले. पण ते हसू पुढच्या रांगेपर्यंत पोचलं नाही, कारण वरच्या मडक्याच्या अंगावर टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून कोणीतरी बाहेर बघत होतं.

"मागे व्हा," दादाजी म्हणाले. दवाखान्यातला आवाज. "सावली पाडू नका. श्वास घ्या. रोखा."

शंभर माणसांनी रोखला.

भोक मोठं झालं. दोन मिशा बाहेर आल्या, मग डोकं, मग पुढचे पाय. ती अडली. तिने मातीचा आणखी एक कण तोडला, कंबर सोडवून घेतली आणि ओलीचिंब, चुरगळलेली, मडक्याच्या पाठीवर येऊन बसली. दादाजींचा उजवा हात आपोआप छातीशी गेला. तिथे कॅमेरा नव्हता.

ते वळले. "चावी," ते भैयाजींना म्हणाले.

भैयाजींनी हा खिसा चाचपला, तो चाचपला. "दुसऱ्या पँटमधे राहिली वाटते."

"काका, माह्या फोननं काढा," शेजारच्या पोरीने फोन पुढे केला. तिच्याबरोबरचा पोरगा तोंड लपवून उभा होता.

"आभारी आहे. मला माझा कॅमेरा हवा आहे."

भैयाजींनी एका सभासदाला स्कूटरवर घरी पाठवलं. तोवर शंभर फोन वर झाले. कुंभारणीने पंख वाळवले, एकदा पसरून पाहिले, आणि स्कूटर फाटकात दिसायच्या आधी लोकांच्या डोक्यावरून तलावाकडे निघून गेली. नंतर सगळ्यांनी आपापले फोटो पाहिले. तिचा एकही धड आला नव्हता. एकमेकांची बोटं मात्र सगळ्यांची स्वच्छ आली होती.

समितीच्या खोलीत भैयाजींनी कपाट उघडलं आणि कॅमेरा टेबलावर ठेवला.

"घ्या. झालं गेलं सोडून द्या. गैरसमज झाला."

"पावती," दादाजी म्हणाले.

"काय?"

"वस्तू परत देताना पावती करतात. लिहा. एक कॅमेरा, एक कार्ड."

भैयाजींनी समितीचं लेटरहेड ओढलं. "एक कॅमेरा, एक कार्ड. बस?"

"एकशे बारा अंतरंग छायाचित्रे."

भैयाजींचा पेन थांबला. "‘प्राकृतिक’ लिहू काय? चांगलं दिसते."

"अंतरंग."

"लोकं वाचतीन, दादाजी."

"त्यासाठीच लिहायचं आहे. ‘अ’वर आणि ‘र’वर अनुस्वार आहेत, ते विसरू नका. शेवटी ‘ग’. खाली सही आणि समितीचा शिक्का."

भैयाजींनी लिहिलं. शिक्का मारला. शाई वाळायची वाट बघत दादाजी उभेच राहिले, खुर्ची रिकामी असून. भैयाजींचा चेहरा एव्हाना मोकळा झाला होता. फजिती विसरायला त्यांना कधीच फार वेळ लागत नसे.

"पण पब्लिक काय आली दादाजी," ते म्हणाले. "पुढच्यापेक्षा मागे गर्दी जास्त. मी विचार करून राहिलो, मागेपण एक पॉइंट बनवू. ‘कुंभारीण पॉइंट’. लाईटिंग लावू, फरशी टाकू. ते एक मडकं आहे ना उरलेलं, त्याला गोल्डन पेंट मारू. तुमच्या हातून उद्घाटन."

दादाजींनी पावतीची घडी घातली, खिशात ठेवली आणि निघाले. दाराबाहेर गोविंदा उभा होता, त्याने सगळं ऐकलं होतं. त्याच्याकडे त्यांनी फक्त बघितलं. गोविंदा म्हणाला, "रंग संपलाच हाये, दादाजी. महिनाभर मिळत नाही म्हणतो."

घरी सिंधूताईंनी चहाचं आधण ठेवलं होतं. नंदिनी पावती उलगडून वाचत होती आणि आठवड्याभरात पहिल्यांदा हसत होती. "बाबा, ‘अंतरंग’ बरोबर लिहिलं त्यांनी. शिक्का पण त्याच्यावरच पडला."

दादाजींनी चपला काढल्या. त्या एकमेकींना समांतर लावून ठेवल्या.

"साखर घालू ना?" सिंधूताईंनी आतून विचारलं. "की मिटलं नाही अजून?"

"मला," दादाजी म्हणाले, "अर्धाच कप हवा आहे."

सिंधूताईंनी गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत बाहेर आल्या.